हरकत नसल्यास मंजूर

रविवार, ८ जानेवारी

जुनं घर आज पाडलं. आई-बाबांना उभं करायला निम्मा संसार लागला ते तीन खोल्यांचं घर एका यंत्रानं जेवणाच्या सुट्टीआधी सपाट केलं. यंत्र चालवणारा मधूनमधून फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता. स्वयंपाकघराची भिंत कोसळली तेव्हा तो म्हणत होता, "तसं नाही गं, ऐकून तरी घे."

आई रस्त्याच्या पलीकडे छत्री उघडून उभी होती. डोळ्यांना पदर वगैरे काही नाही. धूळ खाली बसल्यावर म्हणाली, "न्हाणीघराचा नळ आधी काढून घ्यायला हवा होता. चांगला होता."

नव्या घराची हकीकत अशी: खाली आम्ही, वर धाकटा भाऊ. जागा आईची. बाबा गेल्यावर ती तिच्या एकटीच्या नावावर आली. गेल्या महिन्यात तिनं ती आम्हा दोघा भावांच्या नावे करून दिली. नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "काही अट घालायची आहे का, आजी?" आई म्हणाली, "मुलांना ठाऊक आहे."

आहेच ठाऊक. खालच्या मजल्यावर पूर्वेची खोली आणि तिला मोठी खिडकी. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती आणि बहुतेक सगळी नोकरी रात्रपाळीत गेली. दिवसा काळे पडदे लावून झोपायची. आम्ही दोघं भाऊ चवड्यांवर चालतच मोठे झालो. "सकाळ झाली की डोळे मिटायचे, असं आयुष्य गेलं," ती म्हणते. "आता अंथरुणात बसून सकाळ बघायची आहे."

नकाशात खोली आहे, खिडकी आहे. आता फक्त बांधायचं. 'फक्त' हा शब्द कचेरीत कुणी वापरला तर मी त्याच्याकडे कीव करून बघतो.

रविवार, १५ जानेवारी

कचेरीत माझ्याकडे बदलांचं काम असतं. पूल, दवाखाने, शाळा. नकाशा मंजूर होतो, पाया खणला जातो आणि मग कुणाला तरी काहीतरी सुचतं. ते सुचणं कागदावर घ्यायचं, त्यामुळे आणखी काय काय हलेल ते तपासायचं आणि शेवटी मंजूर किंवा नामंजूर करायचं. इतकी वर्षं हे केल्यावर माझं ठाम मत झालंय की माणसाला भूकंपाइतकीच कल्पनाशक्तीचीही भीती वाटायला हवी.

म्हणून घरच्या कामालाही नियम केले. बायको म्हणाली, "घरी तरी साहेबगिरी नको." पण साहेबगिरी नसली की काय होतं ते मी नातेवाइकांच्या घरांत पाहिलंय. एकाचा जिना थेट मोरीत उतरतो.

तर नियम: तोंडी बदल चालणार नाही. ज्याला बदल हवा त्यानं तो एका कागदावर लिहून रविवारी साइटवर आणायचा. सगळ्यांसमोर वाचायचा. मग मी विचारणार, "हरकत?" एकाची जरी हरकत असली तरी बदल नामंजूर. कुणी काहीच बोललं नाही तर मंजूर, आणि नकाशावर लाल पेन्सिलीनं दुरुस्ती.

उलट्या घमेल्यांवर बसून आज पहिली बैठक झाली. मी, माझी बायको, धाकटा, त्याची बायको (तिला घरात धाकटीच म्हणतात), आई आणि ठेकेदार. ठेकेदाराला मी मनातल्या मनात 'होईल' म्हणतो. "स्लॅब उन्हाळ्याआधी पडेल?" "होईल." "की नंतर पडेल?" "तेही होईल."

आईनं नियम नीट ऐकून घेतले. म्हणाली, "गप्प बसलं की मंजूर?"

"हो."

"आमच्या वॉर्डात उलटं होतं."

"म्हणजे कसं?"

"कण्हणाऱ्याची एवढी काळजी नसायची. अंगात दम आहे म्हणून कण्हतोय. जो गप्प पडलाय त्याच्या खाटेकडे आधी जायचं."

धाकटा हसला. मी म्हणालो, "आई, हे बांधकाम आहे, वॉर्ड नाही."

"तेही खरंच," ती म्हणाली.

रविवार, २९ जानेवारी

आखणी झाली. फक्कीच्या पांढऱ्या रेषांमध्ये सगळं घर जमिनीवर पसरलं आहे. मोठी माणसंसुद्धा अशा वेळी पोरासारखी वागतात. बायकोनं नसलेल्या ओट्यापाशी उभं राहून नसलेलं भांडं ढवळलं. धाकटी तिच्या वरच्या मजल्याचा अंदाज घेत आकाशाकडे बघत होती. मी हॉलमध्ये दार उघडून शिरलो, बायको ओरडली, "भिंतीतून गेलात!"

आई तिच्या खोलीत गेली, बरोबर रेषेच्या आतल्या बाजूनं, दारातून. घडीची खुर्ची उघडली आणि खिडकी येणार तिथे फाटकाकडे तोंड करून बसली. "इथून सगळं दिसतं," म्हणाली. "कोण आलं, कोण गेलं."

मग पिशवीतून पांढऱ्या मलमलीचा तागा काढून दाखवला. पडद्यासाठी. मी म्हटलं, "आई, अजून पायाही नाही." ती म्हणाली, "कापड कुठं नासतंय?"

रविवार, २६ फेब्रुवारी

बांधकाम होईपर्यंत आम्ही एका फ्लॅटमध्ये, धाकटा दुसऱ्या. आईनं साइटसमोरच एका निवृत्त बाईंच्या घरी वरची एक खोली भाड्यानं घेतली आहे. आमच्याकडे ये म्हटलं होतं. तेवढी जागा नाही हे ती न सांगता ओळखून होती, त्यामुळे मला ते फारदा म्हणावं लागलं नाही.

सकाळ-संध्याकाळ ती साइटवर येऊन नळी धरते. रखवालदार काँक्रीटवर पाणी मारल्यासारखं करतो, आई मारते. कोपरे, कडा, कॉलमच्या मागची बाजू, काही सुटत नाही. मजूरही तिला सिस्टर म्हणायला लागलेत. एकाच्या बोटाला पत्रा लागला तर तो होईलकडे न जाता तिच्याकडे गेला.

"काँक्रीटला पहिले काही दिवस तहान लागते," ती आज मला म्हणाली. "नंतर पाजून उपयोग नाही."

हे मला कचेरीत पंधरा पानांत लिहावं लागतं.

रविवार, १२ मार्च

पहिला बदल. मांडणार धाकटी.

नकाशात वर जायचा जिना आमच्या हॉलमधून आहे. धाकटी म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडे कुणी आलं की ते तुमच्या सोफ्याला वळसा घालून जाणार का?" माझी बायको म्हणाली, "आणि चपला कुठे काढणार?" या दोघींचं लग्नानंतर प्रथमच एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं. ती संधी दवडणं पाप होतं.

बाहेरून जिना काढायचा तर पूर्वेची बाजूच मोकळी आहे. म्हणजे जिना आईच्या खिडकीवरून जाणार. मी तिथल्या तिथे तोडगा काढला: खिडकी बंद करायची आणि छताखाली लांबट झरोका ठेवायचा. उजेड तोच, फक्त वरून येईल.

"वरून येईल," आई म्हणाली, आणि वर बघितलं. वर अजून आकाशच होतं.

"हरकत?"

कुणाचीच नाही. होईल म्हणाला, "होईल." लाल पेन्सिल चालवली. दोन जावांमध्ये शांतता आणि एक खिडकी इकडची तिकडे. कचेरीत असा सौदा जमला असता तर बढती मिळाली असती.

मलमलीचं मी आईला सुचवलं की कापून आखूड केली तर झरोक्याला दोन पडदे होतील. तिनं 'बघू' म्हटलं.

गुरुवार, ३० मार्च

जिन्याचं सेंट्रिंग लागलं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या फळ्या. आई आता खुर्ची घेऊन अंगणातल्या तोडलेल्या आंब्याच्या खोडापाशी बसते. खोलीत लाकडाचे टेकू आहेत, त्यामुळे असेल.

रविवार, २३ एप्रिल

बदल माझ्या बायकोचा. स्वयंपाकघरामागे कपडे धुवायचं यंत्र, भांडी घासायची जागा, वाळत घालायची दोरी, हे सगळं मावत नाही. मावेल, जर आईच्या खोलीला जोडून असलेलं न्हाणीघर काढलं तर.

कागद वाचताना बायकोचा आवाज थोडा खाली गेला. "आईंना हॉलपलीकडचं बाथरूम आहेच की. दहा पावलं."

"रात्रपाळीत एवढी चालले," आई म्हणाली, "दहा पावलांचं काय घेऊन बसलीस."

"हरकत?"

धाकट्यानं घसा खाकरला. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "नाही, धूळ गेली."

घरी येताना बायको गाडीत बोलली नाही. मी म्हटलं, तुझाच बदल मंजूर झाला आणि तूच तोंड पाडून? ती म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा."

रविवार, १४ मे

आज माझा बदल होता. स्वतःचा बदल स्वतःच वाचून स्वतःच 'हरकत?' विचारणं बरं दिसत नाही, म्हणून कागद धाकट्याला वाचायला दिला. औचित्य सांभाळलं पाहिजे.

मला एक अभ्यासिका हवी आहे. पुढे-मागे निवृत्त झाल्यावर बसायला, पुस्तकं ठेवायला. मागच्या अंगाची जागा पुरत नाही; आईच्या खोलीची भिंत हातभर आत सरकवली की पुरते. आईची खोली तशीही झोपण्यापुरतीच आहे, आणि म्हातारपणी मोठी खोली झाडायला त्रासच.

धाकट्यानं रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाचलं.

"हरकत?"

आई म्हणाली, "पुस्तकं चांगली. कधीतरी वाचशील."

सगळे हसले. मीही हसलो. मंजूर.

मंगळवार, ६ जून

वाळू आली नाही. काम बंद. होईल म्हणाला, उद्या येईल. ते 'होईल'पेक्षाही वाईट.

रविवार, २ जुलै

सुतार मापं घ्यायला आला. आईची खाट लोखंडी आहे; दवाखान्यानं निकालात काढली तेव्हा तिनं विकत घेतली होती. सुतारानं खोलीत टेप लावला, पुन्हा लावला, कान खाजवला. खाट बसते, पण मग दार अर्धंच उघडतं.

"खाट कापून देऊ का, सिस्टर?"

"मला कापून घे, ते सोपं," आई म्हणाली.

मी तोडगा काढला: सरकतं दार. सुतार खूश, होईल खूश. आईनं भिंतीवरून हात फिरवला. गिलावा अजून ओला होता, हाताचा ठसा उठला. म्हणाली, "या भिंतीला पाणी कमी पडलंय. ऊन लागत नाही तरी कमी पडलंय."

त्या भिंतीला मीही हात लावून बघितला. मला काही कळलं नाही.

रविवार, ६ ऑगस्ट

नगरपालिकेचा तपासनीस शुक्रवारी येऊन गेला. माणूस वाईट नाही, नियमाचा आहे, म्हणजे माझ्याच जातकुळीतला. बदललेला नकाशा बघून म्हणाला, "ही शयनगृह म्हणून नाही चालणार. खिडकी कुठाय? झरोक्याला खिडकी म्हणत नाहीत. एकतर खिडकी काढा, नाहीतर खोलीचं नाव बदला."

खिडकी काढायची तर जिना हलवायचा. जिन्याला फरशी लागली आहे. नाव बदलायला काहीच लागत नाही.

आजच्या बैठकीत मी स्वतः कागद वाचला: "पूर्वेकडील खोलीचा उल्लेख नकाशात यापुढे 'शयनगृह' ऐवजी 'स्टोअर' असा करावा." आणि लगेच समजावून सांगितलं की हे नाव नगरपालिकेपुरतं. नाव काय, कागदावर राहतं. तू आत झोपलीस की नाही हे बघायला कोण येणार आहे?

"हरकत?"

इतका वेळ कुणी गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बायको तिच्या बांगड्या मोजत होती. धाकटी वरच्या मजल्याकडे बघत होती, जणू तिकडून कुणी हाक मारणार होतं. होईलसुद्धा काही म्हणाला नाही.

आईनं हात पुढे केला. "आण ती पेन्सिल. कुठं लिहायचं?"

मी जागा दाखवली. तिनं चष्मा चढवला, 'शयनगृह' वर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं: स्टोअर. अक्षर अजून केसपेपरवरचं, वळणदार, कुणालाही वाचता येईल असं. पुढे सहीसुद्धा केली.

मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत प्रथमच तिनं कामात असा रस घेतला.

रविवार, २० ऑगस्ट

होईलचा फोन: "साहेब, पाणी मारायला माणूस द्या. सिस्टर पंधरवडाभर आल्या नाहीत."

गुडघे दुखत असतील. बघायला गेलो. वर जायचा जिना तिथेही आहेच, पण ती चढउतार करते म्हणे; घरमालकीणबाईंबरोबर सकाळी फिरायलाही जाते. मग गुडघे नव्हेत.

"पाणी मारायला येत नाहीस?"

"झालं की आता," ती म्हणाली. "आता त्याचं जे व्हायचं ते झालं."

खोली नीटनेटकी आहे. खिडकीला मलमलीचे पडदे लावलेत. मी म्हटलं, "हे तर नव्या घरासाठी होते." म्हणाली, "नुसते ठेवून पिवळे पडायला लागले होते." व्यवहारी आहे आई. कपाटही भिंतीला ठोकून घेतलंय. भाड्याच्या खोलीत दोन महिन्यांसाठी कुणी कपाट ठोकतं का? घरमालकीणबाईंनी गळ घातली असणार.

निघताना म्हणाली, "बैठक कधी आहे?" मी म्हटलं, दहा तारखेला, शेवटचीच. "येते," म्हणाली.

रविवार, १० सप्टेंबर

आजचं लिहायचं की नाही, असं दोनदा वाटलं. लिहितो.

घमेली नव्हती, हॉलमध्ये फरशीवर बसलो. आई शेवटी आली, घडीची खुर्ची न आणता. उभीच राहिली.

"मला एक बदल मांडायचाय. नियमाप्रमाणे लिहून आणलाय."

मी खरंच खूश झालो. म्हटलं, "वा! वाच की."

तिनं कागद उलगडला. "पूर्वेकडच्या स्टोअरमध्ये तिन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत फळ्या बसवाव्यात. सरकत्या दाराऐवजी साधं दार बसवावं, कारण खाट यायची नाही. मी समोरच्या खोलीतच राहणार आहे. बाईंशी बोलणं झालंय."

माझी बायको म्हणाली, "आई, असं काय करताय? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, स्टोअर मोठं आहे."

धाकट्याचा चेहरा लहानपणी पडायचा तसा पडला होता. "पण आई, तुझी खोली... तुझी तेवढी एकच अट होती ना."

"तोंडी होती," आई म्हणाली.

कुणाकडे रागानं बघितलं नाही, आवाज चढवला नाही. वॉर्डातली फेरी संपवून रजिस्टर बंद करावं तसा कागद मिटला. मग सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं:

"हरकत?"

मी 'आहे' म्हणायला तोंड उघडलं. पण हरकत म्हटली की कारण द्यावं लागतं, तसा पुढचा प्रश्न येतो. मग खाट कुठे? मग जिना काढायचा का? न्हाणीघर परत? अभ्यासिकेची भिंत? एकेक प्रश्न माझ्यासमोर रांगेत येऊन उभा राहिला आणि प्रत्येकाच्या हातात माझ्याच लाल पेन्सिलीनं केलेली खूण होती. धाकटी बायकोकडे बघत होती, बायको माझ्याकडे, धाकटा फरशीकडे. जिन्यावरून कुणीतरी मजूर खाली उतरला. आईच्या खोलीच्या भिंतीतून त्याचं एकेक पाऊल ऐकू आलं. हे मला ठाऊक नव्हतं. त्या खोलीत झोपणाऱ्याला रोज ऐकू आलं असतं.

कुणी बोललं नाही.

"मंजूर," आई म्हणाली, आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. मी ती दिली.

बुधवार, १३ सप्टेंबर

कचेरीतून अर्धी रजा टाकून साइटवर गेलो. सुतार आत होता. दोन भिंतींना फळ्या लागल्या होत्या. भरदुपारी दिवा लावून काम चाललं होतं. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. झरोक्यातून जिन्याची खालची बाजू दिसते. एवढंच.

इतके महिने मी या खोलीचा नकाशा हातात घेऊन बसलो होतो. खोलीत मात्र आजच उभा राहिलो.

होईलला म्हटलं, "हे थांबवा."

तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "लेखी आहे का, साहेब?"

"मी सांगतोय ना."

"तोंडी बदल नाही. तुमचाच नियम." त्यानं खिशातून आईचा कागद काढला, घडी व्यवस्थित. "हा लेखी आहे. सगळ्यांसमोर मंजूर झालाय. याच्यावर काम चाललंय." मग कप पुन्हा उचलत म्हणाला, "एक विचारू? आम्ही कोण बोलणार, घर तुमचं. पण मार्चमध्ये तुम्ही खिडकी बुजवायला सांगितलीत, तेव्हा मी 'होईल' म्हटलं. माझा जन्म गेला होईल म्हणण्यात. तुम्हाला तर नाही म्हणायचा पगार मिळतो."

मी काही बोललो नाही. त्याच्या दृष्टीनं ती संमतीच झाली असावी. सुतारानं पुढची फळी उचलली.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत नकाशा टेबलावर पसरला. जिना मागच्या अंगाला जाऊ शकतो. अभ्यासिका गेली की जातो. खिडकी परत येते, भिंत हातभर मागे सरकते, न्हाणीघरही बसतं. धुण्याचं यंत्र गच्चीत. हे काढायला मला तासभरही लागला नाही. मार्चमध्येही लागला नसता. तेव्हा जिना पूर्वेलाच बसतो असं मी म्हणालो, आणि मी तज्ज्ञ असल्यामुळे कुणी पुन्हा विचारलं नाही.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, तोडफोड?" मग म्हणाला, "कर. ही पण तेच म्हणत होती कालपासून." बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एप्रिलपासून वाट बघतेय की तुम्ही एकदा तरी नाही म्हणाल." मी विचारलं, मग तूच का नाही म्हणालीस? तिनं भाजी खाली ठेवली. "माझाच कागद होता तो. वाचताना मला वाटलं होतं, आई तरी हरकत घेतील."

म्हणजे सगळेच दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत होतो.

बदल लिहून काढला. स्वच्छ अक्षरात, शेवटी आम्हा चौघांच्या सह्या. पाचवी जागा आईसाठी रिकामी ठेवली.

रविवार, १७ सप्टेंबर

सकाळी लवकर गेलो. आई जागीच होती. खाट खिडकीला लावून, पाठीशी उशी, हातात चहाचा कप. पडदे बाजूला केले होते. ऊन तिरपं चादरीवरून चढत तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"एवढ्या सकाळी? कुणी आजारी आहे का?"

"बदल आणलाय," मी म्हणालो. "नियमाप्रमाणे लेखी."

"रविवार आहे खरा," ती म्हणाली. "वाच."

मी उभ्यानंच वाचला. जिना मागे, खिडकी पूर्वीच्या मापाची, न्हाणीघर जोडून, खोलीचं नाव पुन्हा शयनगृह. वाचताना एकदा मी खाकरलो, पण इथे धूळ नव्हती. तिनं मधे चहाचा एक घोट घेतला.

"हरकत?" मी विचारलं.

"आहे."

इतकी सहज म्हणाली की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"का पण? सगळे तयार आहेत. धाकटी पण. तुझी सकाळ..."

"माझी सकाळ ही इथं झालीय की," ती म्हणाली. "तुझी अजून बांधायची आहे. तोवर मी काय करू?" मग थोडं हसली. "जिना हलवायचा तर हलवा, खिडकी काढायची तर काढा, तुमचं घर आहे. माझं नाव घालून काढू नका. एकाची जरी हरकत असली तरी काय होतं, तूच सांग."

"नामंजूर," मी म्हणालो.

"मग लिही तसं."

पेन्सिल खिशात होती. लिहिलं. अक्षर तिच्यासारखं नाही आलं. आई या घराच्या कामात पहिल्यांदाच हरकत घेत होती आणि ती मलाच नोंदवायची होती.

कागदाची घडी करून मी खिडकीपाशी गेलो. समोर, जरा तिरकस, आमचं घर. पूर्वेच्या बाजूनं वर गेलेला जिना, त्याखाली झरोका, पुढे फाटक. होईलचा माणूस फाटक उघडून आत शिरत होता. इथून सगळं दिसतं, कोण आलं, कोण गेलं. ती किती दिवस हे बघत बसली असेल असं मनात आलं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि या वेळी ते कागदावर नको होतं. मी तसाच उभा राहिलो.

मागून आई म्हणाली, "अरे, जरा बाजूला हो. ऊन अडतंय."